पित्ताशयच काढलं, मग खडा आला कुठून?

गेल्या भागात ॲसिडिटीच्या गोळ्यांबद्दल बोललो, आणि त्यावर बऱ्याच जणांचा निरोप आला की आता पित्ताच्या खड्यांवरही बोला. विषय मोठा आहे, सगळा एका भागात होणार नाही. म्हणून आज एकच प्रश्न घेतलाय. हा प्रश्न आमच्या आत्याचा. तिला तिसऱ्यांदा कावीळ झाली, सोनोग्राफीत पुन्हा खडा दिसला, तेव्हा ती रिपोर्ट माझ्या हातात देत म्हणाली, "अगो, पिशवी काढलीन ना डॉक्टरानं? मग खडा आला कुठनं?"

मी रत्नागिरीत औषधाचं दुकान चालवते, डॉक्टर नाही, हे नेहमीचं सांगून ठेवते. पण त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही याची लाज वाटली. इतकी वर्षं त्या गोळ्या विकतेय आणि खडा परत का येतो हे मला धड सांगता येईना. मग वाचलं, ओळखीच्या पोटविकारतज्ज्ञांना पिडलं, आणि जे कळलं ते आज सांगतेय.

आधी शब्दाचा घोळ मिटवूया. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना पित्त म्हणतो. घशाशी आंबट येतं तेही पित्त, अंगावर गांध्या उठतात तेही पित्त, आणि यकृतात तयार होणारा हिरवट पिवळा रस तोही पित्तच. आजचा विषय फक्त हा तिसरा. त्यामुळे आमसुलाचं पाणी अंगावरच्या पित्तासाठी खुशाल लावा, पण त्याचा या खड्यांशी काही संबंध नाही. तसाच मुतखड्याचाही नाही. पानफुटीची पानं खाऊन पित्तनलिकेतला खडा पडेल म्हणून वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. बोअरचं पाणी, टोमॅटोच्या बिया, कॅल्शियमची गोळी, हे सगळे आरोपीही मुतखड्याच्या खटल्यातून इकडे आणून उभे केलेले आहेत.

तर हा रस यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर बनवतं. यकृतातून बारीक बारीक नळ्या निघतात, एकत्र येत येत त्यांची एक मुख्य नळी होते, ती म्हणजे पित्तनलिका. निरोगी माणसात तिची रुंदी साधारण सहा मिलिमीटरपर्यंत. तिला बाजूला एक पिशवी जोडलेली असते, ते पित्ताशय. मुख्य रस्त्याला लागून असलेली साठवणीची खोली म्हणा. जेवण नसताना रस तिथे जाऊन घट्ट होतो, जेवलं की पिशवी आवळते आणि रस नळीतून खाली आतड्यात उतरतो. नळी जिथे आतड्यात उघडते तिथे एक गोल स्नायू आहे. त्याला इटलीच्या रुग्गेरो ओडीचं नाव आहे. १८८७ साली त्याने याचं वर्णन केलं तेव्हा तो विद्यार्थीच होता.

या स्नायूचं काम कोकणातल्या माणसाला सांगायला सोपं आहे. खाडीकाठच्या खाजणात भातशेती वाचवायला बांध घालतात आणि बांधात उघाडी ठेवतात. ओहोटीला आतलं गोडं पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तीच झडप मिटते, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओडीचा स्नायू म्हणजे पित्तनलिकेची उघाडी. रस खाली जाऊ द्यायचा, आतड्यातलं वर येऊ द्यायचं नाही. ही उघाडी लक्षात ठेवा, पुढचा निम्मा भाग तिच्यावरच आहे.

आत्याला पहिला झटका आला २०१५च्या गणपतीत. पोटात उजवीकडे वर दुखणं, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे. पित्ताशयात खडे होतेच, त्यातले दोन सरकून नळीत अडकले होते. ईआरसीपी करावी लागेल म्हणाले, म्हणून आंबा घाटातून कोल्हापूरला नेलं.

ईआरसीपी म्हणजे लोक ज्याला "दुर्बिणीतून खडा काढला" म्हणतात ते. तोंडातून दुर्बीण आतड्यात नेतात, नळीचं तोंड शोधतात, आत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणात नळी बघतात. दुर्बिणीतून त्या तोंडात पहिल्यांदा नळी घातली ती १९६८ साली, अमेरिकेत मॅक्यून यांनी. पण तेव्हा फक्त बघता येत होतं. १९७४ साली जर्मनीत क्लासेन आणि जपानमध्ये कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, विजेच्या तारेने तो ओडीचा स्नायू कापून खडा बाहेर काढण्याची युक्ती केली. तोवर नळीतल्या खड्यासाठी पोट उघडावं लागे. आता काप द्यायचा, छोटा फुगा किंवा तारेची टोपली आत घालायची आणि खडा ओढून आतड्यात सोडायचा. पुढे तो शौचावाटे निघून जातो. रुग्ण बहुतेक वेळा एकदोन दिवसांत घरी. शंभरातल्या तीन ते दहा जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते, तो यातला मुख्य धोका. पण अडकलेला, पू झालेला खडा तसाच ठेवण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

आत्याचे दोन्ही खडे निघाले. पित्तात पू होता म्हणून निचरा नीट व्हावा यासाठी नळीत प्लास्टिकची एक बारीक नळी ठेवली, स्टेंट म्हणतात तो. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी होत्या. एक, तीन महिन्यांनी स्टेंट काढायला येणे. दुसरी, पित्ताशय काढण्यासाठी सर्जनला भेटणे. आम्ही दोन्ही पाळल्या नाहीत. हे मी इथे मुद्दाम सांगतेय.

कारणं तुम्हाला ओळखीची वाटतील. तीन महिन्यांनी म्हणजे डिसेंबर, कलमांना मोहोर, फवारणीचे दिवस. मग आंबा काढणी. मग पाऊस. आत्याला काही त्रासही नव्हता, भाकरी-भात व्यवस्थित चालू. आणि पिशवीबद्दल तर घरात एकमत होतं: खडा काढलाय ना, मग या वयात कापाकापी कशाला? तेव्हा ती ६३ वर्षांची होती. मी स्वतःही "बघू पुढे" म्हटलं होतं. फाईल कपाटात, साड्यांच्या खाली.

आता खडा परत का येतो त्याकडे वळू. पहिलं कारण सगळ्यात साधं आहे: कधी कधी तो परत आलेलाच नसतो, तो गेलेलाच नसतो. रंगद्रव्याच्या चित्रात लहान खडा झाकला जातो, हवेचा बुडबुडा आणि खडा सारखेच दिसतात, फोडलेल्या मोठ्या खड्याची कणी मागे राहते. म्हणून अभ्यास करणारे डॉक्टर एक ढोबळ रेघ ओढतात. नळी पूर्ण साफ झाल्याची खात्री असेल आणि त्यानंतर सहा महिने उलटल्यावर खडा सापडला, तर तो नवा. त्याआधी सापडला तर बहुधा राहिलेला. राहिलेल्या कणीचं वाईट हे, की ती बीजासारखी वागते. तिच्याभोवती थर चढत जातात.

दुसरं कारण पित्ताशय. खड्यांचं कोठार जागेवर असताना रस्त्यावर पडलेले दोन खडे उचलले, तर पुढचे सरकायला कितीसा वेळ? याचं उत्तर आकड्यांत आहे. नेदरलँड्समध्ये ईआरसीपीने नळी साफ केलेल्या १२० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं पित्ताशय लगेच काढलं, दुसऱ्याचं "त्रास झाला तर बघू" म्हणून ठेवलं. २००२ साली निकाल छापून आला. दोन वर्षांत "बघू" गटातल्या शंभरातल्या ४७ जणांना पुन्हा पित्ताचा त्रास झाला होता, काढलेल्यांपैकी शंभरात दोघांना. मग प्रश्न आला की म्हातारपणी तरी थांबावं का? हाँगकाँगमध्ये साठीपुढच्या १७८ रुग्णांवर असाच अभ्यास झाला, निकाल २००६चा. पिशवी ठेवलेल्यांत शंभरात २४ जणांना त्रास, काढलेल्यांत ७. म्हणजे "या वयात कशाला" हे आमचं घरगुती तत्त्वज्ञान साठीपुढेही टिकत नाही. हृदय किंवा फुप्फुस भूल सोसणार नाही अशा माणसाची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर विचार करून थांबतात. आत्याचं हृदय ठणठणीत होतं.

आणि तिसरं, स्टेंट. याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण या एका गोष्टीत चूक होणं अगदी सोपं आहे आणि ती टाळणंही तितकंच सोपं आहे. प्लास्टिकचा स्टेंट हा तात्पुरता असतो. साधारण तीन महिन्यांत त्याच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर चढायला लागतो आणि तो तुंबतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाला आतून शेवाळ धरतं तसं. मग निचऱ्यासाठी ठेवलेली नळीच निचरा अडवते. आणखी पुढे गेलं की तिच्याभोवती खडा बांधला जातो. हाडात बसवलेली पट्टी किंवा हृदयातला स्टेंट कायमचा असतो, त्यामुळे लोकांना वाटतं हाही तसाच. नावाचा सारखेपणा इथे घात करतो. प्लास्टिकचा असेल तर तीन, फार तर सहा महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा.

२०१७च्या जुलैत आत्याला थंडी वाजून ताप आला. तेव्हा ती पावसच्या बाजूला गावी होती, भातलावणी चालू. कोकणात पावसाळ्यात ताप आणि कावीळ म्हटलं की पहिला संशय लेप्टोचा, मग मलेरियाचा, आणि तो चुकीचा नाही. तीन दिवस त्या तपासण्या आणि औषधं झाली. ईआरसीपी झाली आहे, नळीत स्टेंट आहे, हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही. आत्या विसरली होती, मुलगा मुंबईला. चौथ्या दिवशी ती बरळायला लागली आणि रक्तदाब खाली आला, तेव्हा घरचे मला फोन करून विचारत होते की कुठली गोळी देऊ. मी "फाईल कुठे आहे" म्हणून ओरडले. त्या रात्री धुक्यात आंबा घाट चढताना मागच्या सीटवर आत्या, तिचे हात गार, आणि मी मनातल्या मनात डिसेंबरपासूनचे महिने मोजत होते. एकोणीस.

स्टेंट बाहेर काढला तेव्हा त्याच्या वरच्या टोकाला तपकिरी गाळाचा गोळा होता. डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. जांभा चिरताना जो ओला भुगा पडतो ना, अगदी तसा रंग.

हा रंग महत्त्वाचा आहे, कारण यात आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. पित्ताचे खडे एकाच जातीचे नसतात. पित्ताशयात होणारे बरेचसे कोलेस्टेरॉलचे, पिवळट, कठीण. आपल्या देशातही सगळीकडे प्रमाण आणि प्रकार सारखे नाहीत. पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६८ साली रेल्वे कामगारांचा अभ्यास छापला, त्यात पित्ताचे खडे दक्षिणेपेक्षा उत्तरेकडच्या कामगारांत सातपट आढळले होते. उत्तरेत कोलेस्टेरॉलचे जास्त, दक्षिणेकडे रंगद्रव्याचे खडे तुलनेने जास्त. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्यात तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने काळे खडे होतात, तेही लहान वयात. आणि तिसरी जात ही तपकिरी, मऊ, कुस्करली जाणारी. ती नळीतच जन्मते. तिला पित्ताशय लागतच नाही.

ती बनते कशी ते बघा. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य उरतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची जोड देतं, मग ते विरघळतं आणि पित्तातून वाहून जातं. आता नळीत आतड्यातले जंतू शिरले आणि पित्त तुंबून राहिलं, तर हे जंतू आपल्या पाचकरसाने ती जोड तोडतात. मोकळं झालेलं बिलिरुबिन पित्तातल्या कॅल्शियमला धरतं आणि खाली बसतं. त्यात मेदाम्लांचे क्षार, जंतूंचा चिकट थर, असं करत करत गाळाचा खडा होतो. दोनच गोष्टी लागतात: जंतू आणि तुंबलेलं पित्त. वाहत्या पऱ्ह्यात गाळ बसत नाही, कोंडीत बसतो.

आणि जंतू आले कुठून? इथे उघाडी आठवा. खडा काढायला आपण तीच कापलेली असते. त्यानंतर भरतीचं पाणी आत यायला मोकळं. काप दिलेल्या बहुतेकांच्या पित्तात पुढे आतड्यातले जंतू सापडतात. सोनोग्राफीत कधी कधी नळीत हवाही दिसते, ती आतड्यातूनच वर गेलेली. म्हणजे ज्या कापाने पहिला खडा बाहेर आला, त्याच कापाने पुढच्या खड्याला लागणाऱ्या दोनपैकी एका वस्तूची सोय झाली. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रागच आला होता. पण मग विचार केला, उघाडी न कापता त्या दिवशी आत्या वाचली नसती. शिवाय काप असल्यामुळे लहानसहान गाळ आपोआप खाली पडूनही जातो. म्हणूनच जंतू बहुतेकांच्या पित्तात असूनही खडा बहुतेकांना परत होत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींत, ईआरसीपीनंतर पुढच्या काही वर्षांत पुन्हा खडा होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ४ ते २४ असं येतं. आकड्यात इतका फरक का, तर दुसरी वस्तू, म्हणजे तुंबणं, प्रत्येकात वेगळी असते.

तुंबण्याची कारणं आत्यात जवळजवळ सगळी होती.

तिची नळी १७ मिलिमीटर रुंद होती. खड्याने वर्षानुवर्षं ताणलेली नळी खडा काढल्यावर पूर्ववत होईलच असं नाही, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी ती सैल राहते. सैल नळीत पित्ताचा वेग मंदावतो. पंधरा मिलिमीटरच्या पुढे रुंदी असलेल्यांत खडे परत होण्याचा धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. काहींची नळी मध्येच कोपरासारखी वाकलेली असते, त्या कोपऱ्यातही गाळ साचतो.

दुसरं म्हणजे नळीच्या तोंडाशेजारी आतड्याच्या भिंतीला एक खळगा होता, बाहेर फुगलेली पिशवीच म्हणा. वय वाढतं तशी भिंत सैल होऊन ती तयार होते, म्हाताऱ्या माणसांत ती बरीच आढळते आणि एरवी तिचा त्रास काही नाही. पण तिच्यात अन्न साचतं, जंतू वाढतात, ती फुगली की नळीच्या शेवटच्या टोकावर दाब येतो. रस्ता अरुंद आणि शेजारी उकिरडा, अशी दुहेरी अडचण. या खळग्यामुळे डॉक्टरांना काप मोठा घेता येत नाही, आतडं फाटण्याची भीती असते.

तिसरं, काही जणांत कापलेली जागा काही वर्षांनी भरून येते, व्रण आक्रसतो आणि तोंड पुन्हा लहान होतं. मग जंतू आधीच आत, आणि दार अर्धं बंद. आत्याचं २०२२ साली हेच झालं. स्टेंट २०१७ मध्येच निघाला होता, त्याच सप्टेंबरात दुर्बिणीने पित्ताशयही काढलं होतं. मग पाच वर्षं काही नाही. आणि मग तो सुरुवातीचा प्रश्न. तर आत्या, खडा पिशवीतून नाही आला. तो तिथेच, नळीत, तयार झाला. पिशवी काढल्याने एक वाट बंद झाली, आणि ती मोठी वाट होती. दुसरी उरली.

पथ्याचं काय, हे सगळे विचारतात. तुपाचा चमचा कमी केल्याने तपकिरी खडा टळतो असं म्हणायला आधार नाही. पित्ताशय अजून असेल तर झटपट वजन उतरवणं आणि लांबलचक कडक उपास यांनी कोलेस्टेरॉलचे खडे वाढतात, एवढं खरं. पण नळीच्या रुंदीवर आणि खळग्यावर कुठल्याही पथ्याचा उपाय चालत नाही. आत्याने दोन वर्षं अंड्याचा पिवळा बलक सोडला होता, कारण तो पिवळा म्हणून.

आणि माझ्या दुकानातला रोजचा प्रश्न, खडा विरघळायची गोळी. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, ज्याला सगळे युडीसीए म्हणतात. ती कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर, पित्ताशय नीट आवळत असेल तर, काही महिन्यांत थोडंफार काम करते. तपकिरी खडा हा कॅल्शियम आणि बिलिरुबिनचा, तो तिने विरघळत नाही. पित्त पातळ राहावं म्हणून खडा काढल्यानंतर काही डॉक्टर ती देतात, पण त्याने खडा परत येणं नक्की थांबतं असा पक्का पुरावा नाही. मात्र एका गटात ती खरोखर उपयोगी आहे. चाळिशीच्या आत पित्ताचे खडे, पिशवी काढल्यावरही पुन्हा दुखणं, यकृताच्या आतल्या बारीक नळ्यांत कण, आणि आई-बहिणीलाही तोच त्रास, असं असेल तर पित्तातलं फॉस्फोलिपिड कमी असण्याचा एक आनुवंशिक प्रकार असतो. एबीसीबी४ नावाच्या जनुकातला दोष. पित्तातलं कोलेस्टेरॉल विरघळलेलं ठेवायला फॉस्फोलिपिड लागतं, ते कमी पडलं की खडे होतच राहतात. अशांना ही गोळी दीर्घकाळ देतात आणि फरक पडतो. तुमच्या घरात पंचविशीतल्या मुलीची पिशवी काढलीय आणि ती अजून पोट धरून बसत असेल, तर "गॅस असेल" म्हणून सोडू नका, पोटविकारतज्ज्ञांना हा प्रश्न सरळ विचारा.

तिसऱ्या वेळी आत्याला काप पुन्हा मोठा करण्याऐवजी फुग्याने तोंड रुंद केलं. थोडा काप आणि मग मोठा फुगा, अशी ही पद्धत २००३च्या सुमारास जगासमोर आली. मुंबईच्या डॉ. अमित मायदेव यांनी २००७ साली अवघड खड्यांसाठी ती वापरल्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा हे तंत्र आपल्याकडे अगदीच काल-परवाचं नाही. याने मोठा खडा चिरडावा लागत नाही, म्हणून मागे कणी कमी उरते. फारच मोठा किंवा अडकून बसलेला असेल तर नळीत दुसरी बारीक दुर्बीण घालून लेसरने फोडतात. आणि इतकं करूनही खडे होतच राहिले तर सर्जन पित्तनलिका वेगळ्या जागी आतड्याला रुंद तोंडाने जोडून देतात, म्हणजे नवी वाटच काढायची. ज्यांना ते झेपणार नाही त्यांची नळी काही ठिकाणी दर वर्षी, ताप येण्याआधीच, ईआरसीपीने साफ करतात. एकदा खडा परत आला की पुढच्या वेळी येण्याची शक्यता आणखी वाढते, त्यामुळे लक्ष ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे.

लक्ष ठेवणं म्हणजे फार काही नाही. आत्याची सहा महिन्यांनी रक्ततपासणी होते, त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी बघतात. नळी तुंबायला लागली की हे आकडे चढतात, डोळे पिवळे व्हायच्याही आधी. वर्षातून एकदा सोनोग्राफी. तिच्यात नळी किती रुंद आहे ते कळतं, पण नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेमुळे झाकलं जातं. म्हणून सोनोग्राफीत खडा नाही आणि आकडे चढलेत, असं झालं तर एमआरसीपी करतात. आणि थंडी वाजून ताप, लघवी चहासारखी, शौचाचा रंग मातट, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. त्यातल्या त्यात पावसाळ्यात. लेप्टोची तपासणी जरूर करा, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे बोला, की पित्तनलिकेची ईआरसीपी झालेली आहे, अमुक साली. आत्याच्या पाकिटात आता एक कार्ड आहे: तारखा, नळीची रुंदी, "शेजारी खळगा आहे", "स्टेंट नाही". शेवटचे दोन शब्द मी लाल शाईने लिहिलेत.

परवा लांज्याकडचे एक गृहस्थ दुकानात आले. बायकोचं दुर्बिणीतून खडा काढून झालंय, आता ती विरघळायची गोळी द्या म्हणाले, तीन महिन्यांची एकदम. चिठ्ठी नव्हती. मी विचारलं, "पिशवी काढलीये की आहे?" ते म्हणाले आहे बहुतेक. "आत नळी ठेवलीय का? प्लास्टिकची?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर पायरीवर जाऊन फोन लावला, आणि पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ते जोरात म्हणाले, "अगं कपाटात बघ, साड्यांच्या खाली असेल."